मक्याच्या शेतातील संशोधिका

मक्याचे कणीस कोणाच्या परिचयाचे नाही? आपल्याकडे बाजारात येणाऱ्या कणसाचे दाणे बहुधा पिवळे किंवा पांढरे असतात आणि एका कणसावरील सारे दाणे एकाच रंगाचे दिसतात. परंतु ज्या अमेरिका खंडातून मका जगभर पसरला, तेथे त्याचे निराळेही वाण आहेत. त्यांच्या एकाच कणसावर जांभळे, तांबडे, पिवळे आणि पांढरे दाणे शेजारी शेजारी बसलेले असतात. काही दाण्यांवर तर शाईचे शिंतोडे उडावेत तसे बारीक ठिपके दिसतात. हे ठिपके पिढ्यान्‌पिढ्या लोकांनी पाहिले आणि त्यांचे कौतुकही केले. ठिपका येथेच का उमटला, शेजारी का उमटला नाही, एक ठिपका मोठा आणि दुसरा लहान का, हा प्रश्न मात्र एका स्त्रीने आपल्या आयुष्याची कित्येक वर्षे उराशी बाळगला. त्या स्त्रीचे नाव बार्बारा मॅक्लिंटॉक.

बार्बाराचा जन्म १६ जून १९०२ रोजी अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात हार्टफर्ड या गावी झाला. तिचे वडील होमिओपॅथीचे डॉक्टर होते. चार भावंडांत ती तिसरी. जन्मल्यावर आईवडिलांनी तिचे नाव एलिनॉर असे ठेवले होते. परंतु मुलीचा स्वभाव जसजसा दिसू लागला, तसतसे ते नाव त्यांना तिच्या मानाने फारच नाजूक वाटू लागले आणि त्यांनी ते बदलून बार्बारा केले. तान्हेपणीही ही मुलगी जमिनीवर उशी टाकून तिच्यापुढे एखादे खेळणे ठेवले की एकटीच तासन्‌तास रमत असे. कोणी उचलून घ्यावे म्हणून तिने रडून घर डोक्यावर घेतले, असे कधी होत नसे.

१९०८ मध्ये हे कुटुंब न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन या भागात राहावयास गेले. बार्बाराच्या आईवडिलांचे विचार त्या काळाच्या मानाने फार मोकळे होते. शाळेत मुले जे तास घालवितात तेवढा अभ्यास त्यांना पुरेसा आहे, असे वडिलांचे ठाम मत होते. म्हणून आपल्या मुलांना घरचा अभ्यास देऊ नये, असे त्यांनी शाळेला कळवून टाकले होते! हवा चांगली असली आणि बर्फावर घसरण्याचा खेळ खेळावा असे बार्बाराला वाटले, तर तिला शाळा बुडविण्याचीही मुभा असे. प्रत्येक घरी अशी मुभा देणे कितपत हितावह ठरेल, हा प्रश्न वेगळा. मुलांबरोबर चेंडूफळी खेळता यावी, झाडावर चढता यावे, म्हणून आईने शिंप्याकडून तिच्यासाठी मुद्दाम तुमानी शिवून घेतल्या होत्या. एकदा शेजारच्या एका बाईंनी तिला घरी बोलावून मुलींना शोभणारी कामे शिकविण्याचे मनावर घेतले, तेव्हा आईने त्या बाईंना आमच्या मुलीच्या बाबतीत लक्ष घालू नका, असे स्पष्ट बजावले.

तथापि हीच आई पुढे मुलीच्या उच्च शिक्षणाच्या आड आली, ही मोठी विचित्र गोष्ट होय. फार शिकलेल्या मुलीचे लग्न जमत नाही, अशी तिची समजूत होती. घरात पैशाचीही ओढ होती आणि वडील पहिल्या महायुद्धात सैन्यातील डॉक्टर म्हणून परदेशी गेले होते. एरॅस्मस हॉल या शाळेतून उत्तीर्ण झालेली बार्बारा नोकऱ्या मिळवून देणाऱ्या एका कचेरीत काम करू लागली. दिवसभराचे काम संपले की ती ग्रंथालयात जाऊन बसे आणि महाविद्यालयात जे शिकावयाचे ते स्वतःच वाचून काढी. वडील युद्धावरून परतले, त्यांनी मुलीची बाजू घेतली आणि १९१९ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या कृषी महाविद्यालयात तिचे नाव दाखल झाले.

कॉर्नेल येथे बार्बाराला मनासारखे जग सापडले. ती वाद्यवृंदात बँजो वाजवी, मैत्रिणींत मिळून मिसळून वागे. पहिल्याच वर्षी विद्यार्थिनींनी तिला आपल्या वर्गाची अध्यक्ष निवडले. विद्यार्थिनींच्या एका मंडळाने तिला सभासद होण्याचे निमंत्रण दिले, परंतु त्या मंडळात काही मुलींना वेचून घेतात आणि काहींना बाहेर ठेवतात, हे ध्यानात येताच तिने त्या निमंत्रणाकडे पाठ फिरविली. अभ्यासात ती इतकी बुडून जाई की भूगर्भशास्त्राच्या परीक्षेत तिने सारी उत्तरपत्रिका भराभर लिहून काढली आणि शेवटी पाहते तो स्वतःचे नावच तिला आठवेना! कोणाला विचारावे, तर सारे वेडी समजतील. ती तशीच बसून राहिली. वीस मिनिटांनी नाव आठवले, तेव्हा कोठे तिची सुटका झाली.

त्या काळी आनुवंशशास्त्र नुकतेच बाळसे धरू लागले होते. आईवडिलांचे गुण मुलांत कसे उतरतात, याचा विचार करणारे हे शास्त्र. १९२१-२२ च्या सुमारास बार्बाराने या विषयाचा एक प्राथमिक अभ्यासक्रम घेतला. तिची गोडी पाहून प्राध्यापक हचिसन यांनी तिला दूरध्वनी करून वरच्या वर्गाच्या अभ्यासक्रमासही बसण्यास सांगितले. त्या एका निरोपाने तिच्या आयुष्याची दिशा ठरली. १९२७ मध्ये वनस्पतिशास्त्रात डॉक्टरेट मिळवून ती आता डॉ. मॅक्लिंटॉक झाली.

बाईंनी अभ्यासासाठी निवडलेली वनस्पती म्हणजे मका. ही निवड का केली, हे समजून घेण्याजोगे आहे. मक्याच्या शेंड्याला जो तुरा येतो त्यात परागकण असतात आणि खाली कणसातून जे केस लोंबतात त्यांतील प्रत्येक केस एकेका दाण्यापर्यंत पोहोचलेला असतो. केसावर परागकण पडला की तो दाणा भरतो. म्हणजे कणसावरील प्रत्येक दाणा हे एक स्वतंत्र अपत्यच होय. एका कणसात शेकडो अपत्ये ओळीने मांडलेली, आणि प्रत्येकाचा रंग डोळ्यांना दिसणारा! संशोधकाला यापेक्षा सोयीची वही कोठे मिळणार? मात्र वाऱ्याने नको तो पराग येऊन पडू नये म्हणून केस बाहेर येण्यापूर्वीच कणसावर कागदी पिशवी बांधावी लागते आणि हवा तोच पराग वेळेवर आणून हाताने टाकावा लागतो. उन्हातान्हात उभे राहून हे काम बाई स्वतः करीत.

सजीवांचे शरीर पेशींचे बनलेले असते आणि पेशीच्या केंद्रात दोऱ्यांसारखी गुणसूत्रे असतात. या गुणसूत्रांवर ओळीने जनुके असतात. दाण्याचा रंग, रोपाची उंची अशा गुणांचे मूळ या जनुकांत असते. मक्याच्या पेशीत गुणसूत्रांच्या दहा जोड्या असतात. त्या एकमेकींपासून ओळखू येत नव्हत्या तोपर्यंत कोणते जनुक कोठे बसते हे सांगणे अशक्य होते. बाईंनी पेशी रंगविण्याची रीत सुधारली आणि सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक गुणसूत्राची लांबी, आकार, त्यावरील गाठी यांवरून दहाही गुणसूत्रे वेगवेगळी ओळखून दाखविली. ते काम १९२९ मध्ये प्रसिद्ध झाले.

पुढे हॅरिएट क्रेटन नावाची एक विद्यार्थिनी त्यांच्या हाताखाली काम करू लागली. दोघींनी मिळून एक महत्त्वाचा प्रयोग केला. मक्याच्या नवव्या गुणसूत्राचा एक नमुना त्यांना असा मिळाला होता, की त्याच्या एका टोकाला गाठ होती आणि दुसऱ्या टोकाला दुसऱ्याच गुणसूत्राचा तुकडा चिकटलेला होता. जणू दोन्ही टोकांना खुणा केलेला दोराच तो! जोडीतील दोन गुणसूत्रे आपापसांत तुकड्यांची अदलाबदल करतात, असे शास्त्रज्ञ समजत होते. परंतु ते डोळ्यांनी दाखविणे कोणाला साधले नव्हते. ज्या दाण्यांत आईबापांच्या गुणांची नवी जुळणी झालेली होती, त्यांच्या गुणसूत्रांवरील खुणांचीही तशीच अदलाबदल झाली आहे, हे या दोघींनी दाखवून दिले. थॉमस हंट मॉर्गन हे थोर शास्त्रज्ञ त्या वेळी कॉर्नेलला आले होते. आणखी एका हंगामाची वाट न पाहता हे लगेच प्रसिद्ध करा, असा आग्रह त्यांनी धरला. १९३१ मध्ये तो निबंध छापून आला. त्याच वर्षी कुर्ट स्टर्न या जर्मन शास्त्रज्ञाने फळमाशीवर असाच प्रयोग करून तेच सिद्ध केले. मॉर्गन यांनी घाई केली नसती, तर पहिलेपणाचा मान स्टर्न यांच्याकडे गेला असता.

इतका लौकिक झाल्यावर विद्यापीठात कायमची जागा सहज मिळावी, असे कोणालाही वाटेल. परंतु त्या काळी अमेरिकेतही स्त्री-शास्त्रज्ञाला प्राध्यापकाची जागा क्वचितच मिळे. बाई कधी या शिष्यवृत्तीवर, कधी त्या शिष्यवृत्तीवर काम करीत राहिल्या. जुन्या फोर्ड गाडीत सामान टाकून कॉर्नेलहून मिसुरीला, मिसुरीहून कॅलिफोर्नियाला, अशा त्यांच्या फेऱ्या चालत. १९३३ मध्ये त्या शिष्यवृत्तीवर जर्मनीला गेल्या, परंतु हिटलरच्या राजवटीतील वातावरण त्यांना असह्य झाले आणि त्या लवकरच मायदेशी परतल्या. १९३६ मध्ये मिसुरी विद्यापीठात सहायक प्राध्यापकाची जागा मिळाली. पण तेथे आपणास पुढे वाव नाही असे त्यांना वाटू लागले आणि १९४१ मध्ये त्यांनी ते विद्यापीठ सोडले. हाताशी नोकरी नाही, मका पेरावयास शेत नाही, अशी स्थिती आली. शेवटी न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंड बेटाच्या किनाऱ्यावर कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे त्यांना आसरा मिळाला. तेथे कार्नेगी संस्थेची प्रयोगशाळा होती आणि समुद्राच्या खाडीजवळ मक्यापुरती जमीनही होती. बाई त्या ठिकाणी आल्या त्या मरेपर्यंत तेथेच राहिल्या.

१९४४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने त्यांना सदस्यत्वाचा मान दिला; तो मिळविणाऱ्या त्या तिसऱ्या स्त्री होत. १९४५ मध्ये अमेरिकेतील आनुवंशशास्त्रज्ञांच्या परिषदेने त्यांना अध्यक्ष केले. तत्पूर्वी एकाही स्त्रीला ते पद मिळाले नव्हते. त्यांचे खरे मोठे काम मात्र याच वर्षांत सुरू होत होते.

एक प्रश्न त्या वेळी सर्वच शास्त्रज्ञांपुढे उभा होता. मक्याच्या मुळाच्या पेशीत जी जनुके असतात, तीच पानाच्या पेशीत आणि तीच दाण्याच्या पेशीतही असतात. मग मूळ मुळासारखे आणि पान पानासारखे का होते? हार्मोनियमच्या पेटीचे उदाहरण घ्या. पट्ट्या सगळ्या त्याच. परंतु कोणत्या पट्टीवर केव्हा बोट पडते आणि कोणती पट्टी मुकी राहते यावर भूप वाजतो की भैरवी, हे ठरते. तसेच जनुकांचे आहे. जनुक पेशीत असणे ही एक गोष्ट आणि ते जागे होऊन काम करू लागणे ही दुसरी. मग ही पट्टी दाबणारे बोट कोणाचे?

बाईंच्या शेतात काही रोपे विलक्षण निघाली. त्यांच्या पानांवर निराळ्या रंगाचे पट्टे होते. एक पट्टा ज्या प्रकारचा, त्याला लागूनच असलेला दुसरा नेमका त्याच्या उलट प्रकारचा. एकात रंगाचे फेरफार वारंवार झालेले, तर शेजारच्यात अगदी क्वचित. इतरांनी हा निसर्गाचा लहरीपणा म्हणून सोडून दिला असता. बाईंनी विचार केला, की हे दोन पट्टे एकाच पेशीच्या दोन लेकींपासून वाढलेले असले पाहिजेत. आणि पेशी दुभागताना एका लेकीने जे गमावले तेच दुसरीने मिळविले असले पाहिजे. काय गमावले आणि काय मिळविले, ते शोधण्यात पुढील काही वर्षे गेली. मका वर्षातून एकदा शेतात पेरावयाचा, जुलैत पराग टाकावयाचे, शरद ऋतूत कणसे काढावयाची आणि हिवाळाभर सूक्ष्मदर्शकापाशी बसावयाचे, असा हा क्रम. प्रत्येक रोपाची हकिगत त्या छोट्या कार्डांवर टिपून ठेवीत. रोप जमिनीतून वर आल्यापासून आपण पाहिले नाही, तर त्याची खरी ओळख आपणास झालीच नाही, असे त्यांना वाटे.

हळूहळू उत्तर हाती आले. नवव्या गुणसूत्रावर एक जागा अशी होती की तेथे ते गुणसूत्र पुन्हा पुन्हा तुटे. तेथे जो घटक बसला होता त्याला त्यांनी डिसोसिएशन, म्हणजे विलग करणारा, असे नाव दिले. पण हा घटक एकट्याने काही करीत नसे. पेशीत आणखी एक घटक असला तरच तो कामाला लागे. त्या दुसऱ्याचे नाव त्यांनी ॲक्टिव्हेटर, म्हणजे चेतना देणारा, असे ठेवले. १९४८ मध्ये या दोहोंविषयीची सर्वांत आश्चर्याची गोष्ट त्यांच्या ध्यानी आली. हे घटक एका जागी राहत नव्हते. ते गुणसूत्रावरील आपली जागा सोडून दुसरीकडे जाऊन बसत होते!

आता दाण्यावरील ठिपक्यांचे कोडे उलगडले. समजा, दाण्याला जांभळा रंग देणारे एक जनुक आहे. डिसोसिएशन त्या जनुकात जाऊन बसला की जनुक मुके होते आणि दाण्याला रंग येत नाही. परंतु दाणा वाढत असताना, ॲक्टिव्हेटर हजर असेल तर, एखाद्या पेशीतून तो घटक उठून निघून जातो. जनुक पुन्हा बोलू लागते. त्या पेशीपासून निर्माण झालेल्या सगळ्या पेशी जांभळ्या होतात आणि फिकट दाण्यावर ठिपका उमटतो. घटक लवकर उठला तर पुढे पुष्कळ पेशी तयार होतात आणि ठिपका मोठा दिसतो; उशिरा उठला तर ठिपका बारीक राहतो. पेशीत ॲक्टिव्हेटरच्या प्रती वाढल्या की घटकाचे उठणे लांबते आणि ठिपके बारीक होतात, हेही त्यांनी दाखविले. म्हणजे दाण्यावर पाहून त्याच्या पेशींत केव्हा काय घडले हे त्यांना सांगता येई.

हे दोन घटक जनुकाला बंद करतात आणि मोकळेही करतात. तेव्हा जनुकांवर ताबा ठेवणारी एखादी यंत्रणा गुणसूत्रांतच आहे, असे बाईंचे मत झाले. म्हणून त्यांनी या घटकांना नियंत्रक घटक म्हटले. १९५० मध्ये त्यांनी यावर निबंध प्रसिद्ध केला आणि १९५१ च्या उन्हाळ्यात कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे भरलेल्या परिषदेत आपले संशोधन विस्ताराने मांडले. श्रोत्यांत त्या काळचे नामांकित शास्त्रज्ञ बसले होते. व्याख्यान लांबलचक आणि समजण्यास अवघड होते. ते संपले तेव्हा बहुतेकांना त्याचा अर्थबोध झाला नव्हता. काहींनी तर उघड नापसंती दाखविली, अशी बाईंची आठवण होती.

येथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. कोणीच त्यांचे ऐकले नाही, असे पुष्कळदा सांगितले जाते; ते पूर्णपणे खरे नाही. मक्यावर काम करणाऱ्यांपैकी विस्कॉन्सिन विद्यापीठातील ब्रिंक यांनी लवकरच तसाच हलणारा घटक आपल्या मक्यात दाखवून दिला. घटक हलतात हे मक्यापुरते पुष्कळांनी मान्य केले. पण ती एका वनस्पतीची खोड आहे, असे त्यांना वाटले. जनुके माळेतील मण्यांसारखी आपापल्या जागी पक्की असतात, ही समजूत इतकी रूढ झाली होती, की सर्व सजीवांचा विचार करताना हे हलते मणी कोणी जमेस धरले नाहीत. आणि हे घटक जनुकांचे नियमन करतात, हे तर बहुतेकांना मुळीच पटले नाही.

बाईंच्या मनाला हे लागले. १९५३ मध्ये त्यांनी आणखी एक सविस्तर निबंध प्रसिद्ध केला. त्याच्या प्रती मागविणारेही थोडेच निघाले. तेव्हापासून त्यांनी या विषयावर मोठ्या नियतकालिकांत लिहिणे जवळजवळ थांबविले. संस्थेच्या वार्षिक अहवालात मात्र त्या आपले निष्कर्ष नोंदवीत राहिल्या. शेत थांबले नाही. पेरणी, पराग, पिशव्या, कार्डे हा क्रम पूर्वीसारखाच चालू होता. आपण पाहिले ते खरे आहे, याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती. म्हणून कोणावर रागावण्याची गरजही त्यांना वाटत नव्हती. १९५७ पासून त्यांनी मध्य व दक्षिण अमेरिकेतील मक्याच्या जुन्या वाणांचा अभ्यासही हाती घेतला आणि गुणसूत्रांवरील गाठींवरून मका कोठून कोठे गेला, याचा माग काढला.

१९६१ मध्ये पॅरिसहून एक वार्ता आली. फ्रान्स्वा जेकब आणि झाक मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञांनी आतड्यात राहणाऱ्या एका जीवाणूवर प्रयोग केले होते. दुधातील साखर पचविण्यासाठी लागणारे विकर हा जीवाणू सदासर्वकाळ बनवीत बसत नाही. ती साखर भोवती असली तरच ते विकर बनविणारी जनुके जागी होतात. एरवी एक निराळे जनुक त्यांना दाबून ठेवते. एका जनुकाचा दुसऱ्यावर ताबा चालतो, हे आता सर्वांनी मान्य केले. बाईंना अतिशय आनंद झाला. मक्यातील नियंत्रक घटक आणि जीवाणूंतील ही व्यवस्था यांत काय साम्य आहे, हे दाखविणारा निबंध त्यांनी त्याच वर्षी लिहिला. त्यालाही फारसा प्रतिसाद मिळाला नाही.

मग काळ पालटला. १९६० नंतरच्या दशकाच्या अखेरीस जीवाणूंमध्ये जागा बदलणारे घटक सापडले. पाठोपाठ फळमाशीत सापडले, यीस्टमध्ये सापडले. औषधांना न जुमानण्याची शक्ती जीवाणू एकमेकांना देतात त्यात या घटकांचा मोठा वाटा आहे, हेही कळून आले. ज्यांनी १९५१ चे व्याख्यान ऐकून मान हलविली होती, त्यांच्या शिष्यांना आता तेच निबंध शोधून वाचावे लागले. १९७० चे राष्ट्रीय विज्ञानपदक बाईंना मिळाले; ते मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. १९८१ या एका वर्षात त्यांच्याकडे मोठमोठ्या पारितोषिकांची रांग लागली. बाईंना मात्र या गडबडीचा त्रासच होई. वार्ताहर आले की कामाचा दिवस बुडे.

१० ऑक्टोबर १९८३ रोजी सकाळी नोबेल पारितोषिकाची घोषणा झाली. बाईंच्या घरी दूरध्वनी नव्हता. ती बातमी त्यांनी रेडिओवर ऐकली. वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना एकटीला देण्यात आले होते. त्या शास्त्रात कोणाबरोबर वाटून न घेता तो मान मिळविणारी दुसरी स्त्री तोवर झाली नव्हती. बातमी ऐकून या एक्याऐंशी वर्षांच्या बाई नेहमीचे जाडेभरडे कपडे घालून बाहेर पडल्या आणि झाडांखाली पडलेले अक्रोड वेचीत नेहमीच्या वाटेने फिरून आल्या. पारितोषिक मिळाले ते चल घटकांच्या शोधाबद्दल. त्या घटकांना स्वतः बाईंनी नियंत्रक म्हटले होते, हा फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. कारण सर्व सजीवांची वाढ हे घटक जागा बदलून चालवितात, ही त्यांची कल्पना पुढील संशोधनात तशीच्या तशी टिकली नाही. जनुके उघडण्या-मिटण्याचे रोजचे काम मुख्यतः जागेवर स्थिर असलेल्या खुणा आणि त्यांना चिकटणारी प्रथिने करतात. मात्र पूर्वी कधी तरी उडी मारून येऊन बसलेले काही घटक पुढे शेजारच्या जनुकांच्या कळा बनले, असेही आता आढळले आहे.

त्यांचे आणखी एक निरीक्षण फार दिवस कोडे होऊन राहिले होते. ॲक्टिव्हेटर कधी कधी पेशीत असूनही झोपी जाई. तो नष्ट झालेला नसे, बदललेलाही नसे. कारण काही काळाने, कधी पुढच्या पिढीत, तो पुन्हा जागा होई. जनुक तेच, तरी त्याची वागणूक वेगळी आणि ती वागणूकही अपत्यात उतरते, हे कसे? जनुकांच्या मजकुरात फेरबदल न होता त्यांच्या वागण्यात होणाऱ्या आणि पेशीकडून पेशीकडे जाणाऱ्या अशा बदलांच्या अभ्यासाला आज एपिजेनेटिक्स म्हणतात. हा शब्द कॉन्रड वॉडिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १९४२ मध्ये, काहीशा निराळ्या अर्थाने, घडविला होता. १९८० नंतरच्या दशकात ॲक्टिव्हेटरच्या झोपेचे कारण सापडले. झोपलेल्या घटकाच्या डीएनएवर मिथाईल नावाचे लहान रासायनिक गट जागोजागी चिकटलेले असतात; जाग्या घटकावर ते फारसे नसतात. डीएनए म्हणजे ज्या द्रव्याची जनुके बनलेली असतात ते. वहीतील ओळ खोडलेली नाही, फक्त तिच्यावर चिठ्ठी डकविली आहे, असा हा प्रकार. वनस्पती आणि प्राणी आपल्या गुणसूत्रांतील बहुतेक चल घटकांना अशाच चिठ्ठ्या लावून शांत ठेवतात, कारण ते सगळे एकदम उठले तर जनुकांची नासधूस होईल.

आपल्या हयातीतच हे पाहण्याचे भाग्य बाईंना लाभले. शेवटपर्यंत त्या प्रयोगशाळेत येत, तरुण संशोधकांशी तासन्‌तास बोलत आणि नवे निबंध बारकाईने वाचीत. जून १९९२ मध्ये त्यांनी नव्वदी गाठली. त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २ सप्टेंबर १९९२ रोजी, त्यांचे निधन झाले.

२००१ मध्ये मानवाच्या डीएनएचा मसुदा वाचून झाला, तेव्हा त्याचा सुमारे ४५ टक्के भाग चल घटकांपासून आलेला आहे, असे दिसून आले. त्यांतील बहुतेक आता हलण्यास असमर्थ आहेत. २००९ मध्ये मक्याचा डीएनए वाचण्यात आला. त्यात चल घटकांचा वाटा जवळजवळ ८५ टक्के निघाला.